वेलाफीसाठी ठेवलेली जागा

मुझी गुमेदे माझ्याकडं आला तो सुरी मागायला. बुधवार होता, दोन हजार चोवीसच्या ऑगस्टची चौदा तारीख. दुपारचे दोन वाजले असतील. माग काढण्याचं काम सुटल्यावर मला अभयारण्याच्या नाक्यावर बसवलं होतं, तिथं मी बसलो होतो.

"बाबा झिखाली, तुमची ती वाकडी सुरी द्या. फांदी तोडायची आहे."

कुठली फांदी ते मी विचारलं नाही. कळलं मला.

लुंगेलो, तू हसतोयस. हसून घे. तुझ्या गाईडच्या परीक्षेत गेंड्याचं वजन विचारतील, जिराफाची जीभ किती लांब ते विचारतील. हे विचारणार नाहीत. नोक्वान्दा, ते लाकूड शेकोटीत सरकव आणि ऐक.

मुझी तुमच्या आधीचा गाईड. एकवीस वर्षं त्यानं या रानात पाहुण्यांची गाडी चालवली. त्याचा धाकटा भाऊ वेलाफी, तोही गाईड, पण तो पाहुण्यांना पायी फिरवायचा. त्या वर्षी जूनमध्ये चार पाहुणे घेऊन तो पाणवठ्यावर गेला. लव्हाळ्यातून एक म्हातारा रानरेडा निघाला. कळपातून हाकललेला, एकटा. वेलाफीनं चौघांना झाडावर चढवलं. स्वतः चढायला वेळ उरला नाही. पाहुणे आपापल्या देशी गेले. वेलाफीला आम्ही ताडपत्रीत घालून आणलं.

पुरलं. बैल कापला. सगळं केलं. पण देह आणला म्हणजे माणूस आला असं नाही. माणूस जिथं पडला तिथंच उभा असतो. घरच्या माणसानं जायचं. बोरीच्या जातीचं आपलं ते काटेरी झाड, त्याची फांदी त्या जागी मातीला टेकवायची, त्याला नाव घेऊन उठवायचं आणि फांदी घेऊन निघायचं. वाटेत फक्त फांदीशी बोलायचं. पूल आला तर सांगायचं, पूल आला. दुसऱ्या कुणाशी एक शब्द नाही. बोललं, की तो तिथंच उतरतो.

"आणि टॅक्सीत त्याचीही जागा धरायची," नोक्वान्दा म्हणाली. "माझ्या काकाला डर्बनहून आणलं तेव्हा वडिलांनी दोन जागा धरल्या होत्या. शेजारची बाई सारखी म्हणे, सरका की जरा, जागा काय आजारी आहे का?"

"मग सरकले?" लुंगेलोनं विचारलं.

"सरकतात कसले! आणि तोंड उघडायची सोय नाही. ती एम्पांगेनीला उतरेपर्यंत शिव्या देत होती. वडील म्हणतात, काका असता तर तिला पुरून उरला असता."

दोघं हसले. मी हसू दिलं. पुढं हसण्यासारखं काही नाही.

मुझीची आई मामयेनी. तिला रोज रात्री वेलाफी दिसायचा. गुडघाभर पाण्यात उभा, आणि ओठ फुटलेले. "पाण्यात उभा आहे आणि तहानलेला आहे," ती म्हणायची. तिनं खाणं सोडलं. मक्याच्या कण्या तशाच गार होत. मुझीला म्हणायची, "मी मरायच्या आत त्याला आण. मी गेल्यावर तो आला, तर त्याला ओळखणार कोण?"

मुझी टाळत राहिला. ऑगस्ट म्हणजे पाहुण्यांचा महिना. गवत वाळलेलं असतं, जनावर पाण्यावर येतं, लांबून दिसतं. रोज दोन फेऱ्या. सुट्टी मिळेना. मग त्यानं मनाशी ठरवलं. संध्याकाळी पाहुण्यांना पाणघोडे दाखवायला पाणवठ्यावर आपण जातोच, त्याच फेरीत वेलाफीला घेऊन येऊ.

"पाहुणे गाडीत असताना?" मी विचारलं.

"त्यांना आधी सांगेन, बाबा. आमची रीत आहे, परतताना मी बोलणार नाही. त्यांना आवडतं असलं काही."

"त्यांना आवडण्याचा इथं काय संबंध?"

"मग काय करू, सांगा! साहेब म्हणतात, सप्टेंबरात बघू. आई सप्टेंबर बघेल का?"

मी सुरी दिली. द्यायला नको होती. दिली.

पुढचं मुझीनं स्वतः मला सांगितलं. एकदाच सांगितलं. मीही ते फार वेळा सांगत नाही.

चारला गाडी निघाली. पाहुणे तीन. नवरा, बायको आणि बायकोची बहीण, चष्मेवाली. मुझीनं आपल्या शेजारची डावीकडची जागा मोकळी ठेवली होती. चष्मेवाली म्हणाली, मी पुढं बसते, फोटो चांगले येतील. मुझी म्हणाला, ती जागा भावाची आहे. तिला वाटलं, भाऊ वाटेत चढणार असेल. ते खोटंही नव्हतं.

जाताना सगळं रोजच्यासारखं झालं. पिवळ्या सालीच्या झाडांखाली हरणं. गेंड्याची मादी आणि तिचं पिल्लू रस्ता अडवून उभी, दहा मिनिटं हललीच नाहीत. मागं उबोंबोचा डोंगर तांबडा होत चाललेला. पाणवठ्यावर पेलिकन उतरत होते, पाणघोडे कान झटकत होते. पाहुणे खूश. साडेपाचच्या आत सूर्य डोंगराआड गेला. मुझीनं पाहुण्यांना सांगितलं, गाडीतून उतरायचं नाही, आणि इथून परत पोचेपर्यंत मी बोलणार नाही. मग तो फांदी घेऊन लव्हाळ्याच्या कडेला गेला. त्या जागी.

तिथं त्यानं नीट केलं, हे मी मान्य करतो. टोपी काढली. फांदी टेकवली.

"वेलाफी. गुमेदे. क्वाबे कुळातल्या. माझ्या आईच्या पोटच्या. मी मुझी आलोय. ऊठ. आता इथं थांबायचं नाही. घरी जायचं."

फांदी जड झाली.

"जड म्हणजे?" लुंगेलोनं विचारलं.

जड म्हणजे जड. झोपलेलं पोर उचलल्यासारखी.

त्यानं ती शेजारच्या जागेवर ठेवली. चष्मेवालीनं तिचाही फोटो काढला. मुझी काही बोलला नाही. गाडी सुरू केली. अंधार पडत होता. तो सावकाश चालवत होता आणि फांदीशी बोलत होता.

"वेलाफी, पाणवठा मागं राहिला. वेलाफी, आता चढ आहे. हे तुझं मारुलाचं झाड, इथून उजवीकडं वळतोय."

मला म्हणाला, बाबा, तो जिवंत होता तेव्हा मी त्याच्याशी एवढं कधी बोललो नाही. गाडी बिघडली की बोलायचो. नाहीतर काय, तो त्याच्या कामाला, मी माझ्या.

पाहुणे गप्प होते. त्यांनी शब्द पाळला. त्यांचा दोष नाही.

मग ओढा आला. तुम्हाला माहीत आहे तो. ऑगस्टात कोरडा असतो, नुसती वाळू.

"वेलाफी, ओढा आला. धरून बस."

गाडी वाळूत उतरली. चाकं रुतत, सुटत चालली होती. तेवढ्यात मागून आवाज आला. थकलेला आवाज.

"अजून किती लांब आहे?"

आता ऐका. एकवीस वर्षं. रोज. परतीच्या वाटेवर थंडी वाजायला लागली, की कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हालाही विचारतील. आणि तुम्हीही तेच म्हणाल. विचार न करता म्हणाल.

"झालंच," मुझी म्हणाला. "वीस मिनिटं."

गाडी ओढ्यातून वर आली. आणि मग त्याला कळलं, आपण बोललो.

त्यानं ब्रेक दाबला.

मागून चष्मेवाली हळूच म्हणाली, "तुम्ही आम्हाला काही म्हणालात का?"

तो वळला नाही.

"आमच्यातलं कुणी काही विचारलं नाही," ती म्हणाली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. प्रश्न आपल्या भाषेत विचारला होता. आपल्या भाषेत, पण सरहद्दीपलीकडचे, मोझांबिककडचे लोक बोलतात तसा, शेवट लांबवून. आणि त्या तिघांना आपल्यातलं फक्त नमस्कारापुरतं 'सावुबोना' येत होतं. तेही धड नाही.

त्यानं फांदीवर हात ठेवला.

हलकी. वाळलेल्या गवताच्या काडीसारखी.

शेकोटीत लाकूड तडकलं. नोक्वान्दा जवळ सरकली. लुंगेलोनं पाठीमागं बघितलं. मी बघितलं नसल्यासारखं केलं.

सातला त्यानं पाहुण्यांना लॉजवर सोडलं. फार सुंदर संध्याकाळ होती, असं त्या बायकोनं त्याचा हात धरून सांगितलं. त्यानं मान हलवली. कुणाला न विचारता गाडी पुन्हा काढली. आठला ओढ्यावर.

पाणवठ्यापर्यंत का गेला नाही, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, मी ओढ्यात बोललो, म्हणजे तो ओढ्यात उतरला. तिथंच असणार. बरोबर होतं त्याचं. मीही तेच केलं असतं.

गाडी बंद केली. चांदणं होतं, अर्ध्याहून मोठा चंद्र. लांब एक तरस ओरडलं. मग तेही थांबलं.

तो वाळूत उतरला. फांदी टेकवली. आता नाव घ्यायचं. कुळाचं नाव घ्यायचं. पाणवठ्यावर घेतलं तसंच.

त्यानं वर बघितलं.

समोरच्या काठावर कुणीतरी उभं होतं.

झाड नव्हतं. तिथं झाड नाही. मी त्या काठावर तीस वर्षं बसलोय, तिथं झाड नाही.

उभं होतं. हलत नव्हतं.

वेलाफीच, असं त्याला वाटलं. रडू आलं. भीतीही वाटली. भावाची भीती वाटते याची लाज वाटली. तोंडातून एवढंच आलं...

"चल... घरी चल."

नाव नाही.

काठावर कुणी नव्हतं.

फांदी जड झाली. पाणवठ्यावर झाली होती त्याहून जड. दोन्ही हातांनी उचलावी लागली.

पावणेनऊला गाडी नाक्यावर आली. मी बाहेर आलो. "एवढ्या उशिरा कुठं रे?" असं बोलून गेलो आणि मग फांदी दिसली. मी टोपी काढली. मुझीनं माझ्याकडं बघितलं नाही. "नाका आला," असं शेजारच्या जागेला म्हणाला. नाव घेऊन म्हणाला नाही. मला ते तेव्हा खटकलं नाही. मी आडवा दांडा वर केला.

गाडी गेली. डावीकडं झुकलेली.

सकाळी मी चाकांचा माग बघितला. डावं चाक बोटभर जास्त रुतलं होतं. वेलाफी शिडशिडीत होता...

मामयेनी चटईवर बसून वाट बघत होती. सुनेनं कंदील धरला होता. कुणी बोललं नाही. मुझीनं फांदी गोल झोपडीत नेली, मागच्या भिंतीपाशी, जिथं आपण पितरांना बसवतो तिथं ठेवली. मग म्हणाला, "मा, आणलं."

म्हातारी सरकत सरकत तिथं गेली. फांदीवर हात ठेवला. काटे टोचत असतील. हात काढला नाही. बराच वेळ.

"नाव घेतलंस?"

मुझी कंदिलाकडं बघत राहिला.

"मुझी. नाव घेऊन उठवलंस का याला?"

"पाणवठ्यावर घेतलं, मा."

"आणि मग?"

मग त्यानं सांगितलं. ओढा. प्रश्न. आपण दिलेलं उत्तर. परत जाणं.

"ओढ्यावर नाव घेतलंस?"

म्हातारीनं त्याच्याकडं मान वळवली. "मी तुला विचारतेय."

"नाही, मा."

म्हातारीनं हात काढून घेतला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

सकाळी बकरी आणली. फांदीची पानं बकरीनं खायची, मग माणूस घरात आला म्हणायचं. बकरी दारापर्यंत आली. आत बघितलं. दोरी तोडून पळाली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

"फांदी बाहेर टाका," सून म्हणाली. "रानात नेऊन टाका."

मामयेनी तिच्यावर ओरडली. "दारात आलेल्याला? तोही कुणाच्या तरी पोटचा आहे. आधी पाणी आण त्याला."

"कोण होता तो, मखुलू?" नोक्वान्दानं विचारलं.

मला काय माहीत? आजोबा म्हणता म्हणून सगळं ठाऊक असतं का? मला वाचता येतं ते मातीवरचं, तेवढं सांगतो. मोझांबिकात लढाई चालू होती त्या वर्षांत लोक रात्रीचे या रानातून चालत यायचे. बाया, म्हातारे, डोक्यावर गाठोडी. दिवसा लपायचे. सकाळी मी माग बघायचो. ओढ्यात आठ जण उतरलेले. वर सात चढलेले. त्या सातांना थांबायला सवड नव्हती. मागं राहिलेल्याचं नाव कुणाला विचारणार?

त्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. दिवसाढवळ्या, गुमेदे घराण्यातले तीन म्हातारे, मुझी आणि मी. साहेबांनी या वेळी गाडी दिली. नवी फांदी. पाणवठ्यावर नाव घेतलं. ओढ्यावर घेतलं. प्रत्येक वळणावर उतरून घेतलं. मुझीचा आवाज बसला. फांदी हलकी ती हलकीच. शेवटी थोरला म्हातारा म्हणाला, "पुरे. आपला पोरगा कुठं उतरला, ते आपल्याला माहीत नाही."

मुझी गाडीतच बसून राहिला. त्या दिवसानंतर त्यानं पाहुण्यांची गाडी चालवली नाही. आता रिचर्ड्स बेला असतो. बंदरावर पोती मोजतो. तिथं त्याला कुणी काही विचारत नाही.

मामयेनी रोज रात्री त्या जुन्या फांदीपाशी पाण्याचं मडकं ठेवायची. थोडी ज्वारीची बिअर ठेवायची. आणि बोलत बसायची. सुनेनं एकदा कुडाला कान लावला. म्हातारी विचारत होती, "तुला ओढ्यापर्यंतची वाट येते ना?" मग गप्प बसली. मग म्हणाली, "हळू चालावं लागेल. माझा डावा पाय ओढतो."

सून तिथून उठली. पुन्हा कान लावला नाही.

सप्टेंबरच्या बावीस तारखेला, रविवारी पहाटे, म्हातारी गेली. साहेबांनी सांगितलेला महिना तिनं बघितला. पोरगा बघितला नाही. अठ्ठावीसला, शनिवारी, तिला अंगणाच्या कडेला पुरलं. तिची काठी तिच्याबरोबर दिली. सोयरे जेवून गेले. संध्याकाळी सुनेनं अंगण झाडलं. एक रेघ राहिली नाही, असं झाडलं.

रविवारी उजाडताच मुझीचा निरोप आला. बाबा झिखाली, लगेच या. मी गेलो. त्यानं घरातल्या सगळ्यांना आत थांबवलं होतं. अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"तुम्ही वाचा," तो म्हणाला. "मला वाचायचं नाही."

मी वाचलं.

माग कबरीपासून निघाला नव्हता. फांदी होती त्या झोपडीच्या दारातून निघाला होता. म्हातारीचे अनवाणी पाय. डावा ओढत गेलेला. उजवीकडं काठीची भोकं. आणि तिच्या अर्धं पाऊल पुढं आणखी दोन पाय. पुरुषाचे. अनवाणी, पंजा फाकलेला, फार चाललेल्या माणसाचे.

मी मागावर गेलो. शेतातून, मग गुरांच्या वाटेनं, अभयारण्याच्या तारेपर्यंत. विजेची तार. हत्ती तिला अंग लावत नाही. तार धड होती. खाली उकरलेलं नव्हतं. माग तारेच्या अलीकडं होता आणि पलीकडंही होता. पावलांमधलं अंतर तेच. कुणी थांबलं नव्हतं. कुणी वाकलं नव्हतं.

मी नाक्यावरून फिरून आत गेलो आणि पलीकडून माग धरला. ओढ्याकडं चालला होता. ओढ्याच्या अलीकडं गाडीचा रस्ता लागतो. तिथं वळण नाही, झाड नाही, खूण नाही. तिथं आम्ही हाक मारली नव्हती.

तिथं काठीची भोकं थांबली.

म्हातारीचे पाय पुढं चाललेच होते. डावा आता ओढत नव्हता. पुढं तो अनवाणी माणूस. आणि तिच्या उजवीकडं, काठी असायची तिथं, अगदी लगत, बुटांचा माग. तिघांचा माग ओढ्यात उतरला होता, वर चढला होता आणि रानात गेला होता. घराकडं नाही. रानात.

त्या बुटाच्या उजव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला होता. चार खिळे, एक वाकडा. मी ठोकले होते. जूनमध्ये ते बूट वेलाफीच्या पायात घालूनच आम्ही त्याला पुरलं.